मांजर फार पाणी पिऊ लागली तर

या सदरात गाई-म्हशींचा कासदाह झाला, शेळ्यांचे जंत झाले, कोंबड्यांची राणीखेतही झाली. मांजरीचा विषय कधी निघाला नव्हता. तो आता खानदेशातल्या एका भगिनीच्या पत्राने निघाला आहे. त्या लिहितात, "आमची मनी तेरा वर्षांची आहे. दिवाळीपासून सारखी पाणी पिते. रांजणाखालच्या ओलीत जाऊन बसते. वाळली आहे, अंगावरचे केस राठ झाले आहेत. घरात कुठेही लघवी करते, म्हणून मी पाण्याचे भांडे उचलून ठेवले, तर गोठ्यातल्या डोणीवर जाऊन पिते. सासूबाई म्हणतात, खोडील झाली आहे, पोत्यात घालून बाजाराच्या गावाला सोडून या. करावे काय?"

पहिले उत्तर एका ओळीत देतो. ताई, पाण्याचे भांडे आजच्या आज परत खाली ठेवा. बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

मनी खोडील झालेली नाही. तिला बहुधा मूत्रपिंडाचा जुनाट आजार जडला आहे. मूत्रपिंड म्हणजे ज्याला आता खेड्यातही सगळे किडनी म्हणतात ते. म्हाताऱ्या मांजरींत हा आजार फार आढळतो. दहा वर्षांच्या पुढे त्याची शंका धरावीच, आणि पंधराच्या पुढे गेलेल्या मांजरीत तो निघाला तर नवल वाटू नये. आपल्याकडे तो ओळखला जात नाही याचे कारण एवढेच, की खेड्यातली मांजर सहसा इतकी वर्षे जगतच नाही. कुत्री, मोटारी, विषारी गोळ्या यांतून जी वाचते ती म्हातारी होते, आणि मग तिला हे दुखणे येते.

मांजर मुळात कोरड्या, वाळवंटी मुलखातली. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागून मांजर आली, अशी ही सोयरीक जुळली. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेली मांजर सापडली, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या कणगीखालची मांजर त्याच वंशातली. वाळवंटातल्या जनावराला पाणी जपावे लागते. म्हणून मांजरीची लघवी थोडी, दाट आणि उग्र वासाची असते, आणि तिला तहानही बेताची लागते. उंदराच्या अंगात जे पाणी असते त्यावरच तिचे पुष्कळसे भागते. तेव्हा म्हातारी मांजर पाण्याच्या भांड्यापाशी मुक्काम ठोकून बसली, की हे काही तिच्या जातीचे वागणे नव्हे, एवढे समजावे.

मांजरीच्या एकेका मूत्रपिंडात बारीक गाळण्यांसारखे सुमारे दोन लाख भाग असतात. रक्त तेथे गाळले जाते, घाण लघवीवाटे जाते आणि कामाचे पाणी परत अंगात ओढून घेतले जाते. वयाप्रमाणे या गाळण्या एकेक करून बंद पडतात. बंद पडलेली पुन्हा सुरू होत नाही. पण उरलेल्या जास्त काम ओढतात, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. बारा गड्यांचे काम चार गडी ओढत असले, तोवर बांधावर उभ्या असलेल्या मालकाला काही कळत नाही, तसाच हा प्रकार. सुमारे दोन तृतीयांश काम बंद पडले, की पाणी परत ओढण्याची ताकद जाते. लघवी पाण्यासारखी पातळ आणि पुष्कळ होऊ लागते. सुमारे तीन चतुर्थांश काम गेले, म्हणजे रक्तात घाण साचू लागते आणि मग अन्नावरची वासना जाते, उलट्या होतात, तोंडाला लघवीसारखा वास येतो, हिरड्यांवर आणि जिभेच्या कडेला फोड येतात.

यातली खूणगाठ बांधण्याजोगी गोष्ट ही, की मांजर पाणी फार पिते म्हणून लघवी फार करते असे नव्हे. लघवीवाटे पाणी धरून ठेवता येत नाही म्हणून ती पिते. भांडे उचलले तरी लघवी थांबत नाही. अंगातले पाणी मात्र आटते, आणि आधीच थकलेली मूत्रपिंडे दोन दिवसांत पार बसतात. घर ओले होते म्हणून पाणी तोडणे हा या आजारातला सगळ्यात घातक उपाय आहे, आणि दुर्दैवाने घरोघरी पहिला उपाय तोच सुचतो.

आता हा आजार तोच की दुसरा, हे पाहावे लागते. मधुमेहातही मांजर फार पाणी पिते. गळ्यातल्या ग्रंथी वाढल्या तरी पिते. त्या दुखण्यांत बहुधा ती वखवखल्यासारखी खाते आणि तरी वाळते. मूत्रपिंडाच्या दुखण्यात खाणे कमी होत जाते. ही नुसती वाट दाखवणारी खूण झाली, निदान नव्हे. बोका वारंवार लघवीला बसतो, कण्हतो, आणि थेंबही येत नाही, हे तर अगदीच वेगळे. त्याची वाट तुंबलेली असते. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. उद्यावर टाकले तर तो जातो.

निदानासाठी रक्त आणि लघवी तपासतात. रक्तातले क्रिएटिनिन पाहतात, आणि लघवीचा दाटपणा पाहतात. निरोगी मांजरीच्या लघवीचे विशिष्ट गुरुत्व सहसा १.०३५ च्या वर असते. या आजारात ते खाली उतरते. क्रिएटिनिनवरून आजाराच्या चार पायऱ्या मानतात. १.६ च्या आत पहिली, २.८ पर्यंत दुसरी, ५ पर्यंत तिसरी आणि त्यापुढे चौथी. हा आकडा मांजरीच्या अंगात पाणी पुरेसे असताना पाहायचा असतो, कारण नुसते पाणी आटले तरी तो चढतो. दुसऱ्या पायरीवर सापडलेली मांजर नीट निगा ठेवली तर वर्षे काढू शकते. चौथीवरच्या मांजरीचे दिवस सहसा थोडे असतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही तपासणी होत नसली, तरी डॉक्टरांनी रक्त काढून दिल्यास माणसांच्या रक्त-लघवीच्या प्रयोगशाळेत काही ठिकाणी ती करून मिळते. मुंबईला परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ, तसेच नागपूर, परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्या बाजूला जाणे होणार असेल तर मांजरीला टोपलीत घालून नेण्यात लाजण्यासारखे काही नाही. बैल नेतो, तशीच मांजर.

घरी दोन नोंदी ठेवल्या तर डॉक्टरांचे काम निम्मे हलके होते. एक वजनाची. पिशवीत मांजर घालून भाजीच्या ताणकाट्याला लटकवावी, पिशवीचे वजन वजा करावे आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत आकडा टाकावा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. तीन किलोची मांजर अडीचवर आली तर ते आपल्या घरातल्या साठ किलोच्या माणसाने दहा किलो उतरण्यासारखे आहे. दुसरी नोंद पाण्याची. मोजून पाणी ठेवायचे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मोजायचे. तीन किलोची मांजर दिवसाकाठी दीडशे मिलिलिटरच्या पुढे सहसा जात नाही. अडीचशे-तीनशे पीत असेल तर काही तरी नक्की बिघडले आहे. डोणीवर आणि न्हाणीत ती किती पिते हे मोजता येत नाही हे खरे, पण अंदाज बांधायला एवढे चालते.

पाणी ठेवायचे ते एका जागी नको. माजघरात एक, ओसरीवर एक, ती झोपते तेथे एक. भांडे पसरट आणि उथळ असावे. मिशा काठाला घासल्या तर काही मांजरींना आवडत नाही. रोज सकाळी घासून ताजे पाणी भरावे. जेवणाच्या थाळीला चिकटून ठेवू नये, थोडे दूर ठेवावे. म्हातारीला उंच चढवत नाही, म्हणून ओट्यावर किंवा कट्ट्यावर ठेवलेले पाणी तिच्या उपयोगाचे नाही.

आणि लघवीचे म्हणाल, तर फुटक्या घमेल्यात किंवा पत्र्याच्या उथळ डब्यात वाळू किंवा भुसभुशीत माती घालून ती जेथे जाते त्या कोपऱ्यात ठेवावी. कडा खाली असाव्यात, सांधे आखडलेल्या मांजरीला उंच काठ ओलांडता येत नाही. चुलीतली राख वापरू नये, ओली झाली की पायाला झोंबते आणि मांजर पाय चाटते. बहुतेक म्हाताऱ्या मांजरी चार दिवसांत घमेले ओळखतात. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसावी. फिनेल मात्र घालू नये. त्यातले कार्बोलिक जातीचे द्रव्य मांजरीच्या यकृताला पचवता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून तिने पाय चाटले की ते पोटात जाते. फिनेलचा वास स्वच्छतेचा वाटतो आपल्याला, तिला ते विष आहे.

खाण्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. मांजर म्हणजे दूध, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना दूध नीट पचत नाही, जुलाब होतात; आणि मूत्रपिंडाच्या आजारात त्यातला फॉस्फरस नडतो. थकलेल्या मूत्रपिंडांना फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साचतो आणि दुखणे पुढे ढकलतो. म्हणून या आजारात जे टाळायचे ते मुख्यतः फॉस्फरस आणि मीठ. हाडे, काळीज, अंड्यातला पिवळा बलक आणि दूध यांत फॉस्फरस फार. सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा यांत मीठ फार. कोकणातल्या भगिनींना हे ऐकून वाईट वाटेल, कारण सुकटीच्या वासाने मेलेली मांजरही उठून बसते म्हणतात. तरीही नको. आमटी-रश्शात कालवलेली भाकरीही नको, कारण कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. हे निरोगी मांजरीलाही लागू आहे.

मग द्यायचे काय? कोंबडीचे बिनहाडाचे मांस पाण्यात शिजवून, ते पाणी ओतून टाकून, बारीक कुसकरून द्यावे. शिजवताना बराचसा फॉस्फरस पाण्यात उतरतो. त्यात शिजवलेल्या अंड्याचा पांढरा भाग, थोडा मऊ भात आणि अर्धा चमचा तूप मिसळावे. वरून कोमट पाणी घालून ते पेजेसारखे सरबरीत करावे, म्हणजे अन्नातूनही पाणी पोटात जाते. थंडगार अन्नाला वास नसतो आणि म्हातारी मांजर खाते ते वासावर, म्हणून दर वेळी कोमट करून द्यावे. एकदम पुष्कळ न देता दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे. मूत्रपिंडाच्या मांजरींसाठी तयार खाद्य शहरात मिळते. ते चांगले असते आणि महागही असते. घरच्या अन्नावरच ठेवणार असाल तर त्यात कॅल्शियम आणि टॉरिन कमी पडते. ते औषधरूपाने किती द्यायचे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

माळकरी घरात मांस शिजत नाही, आणि त्यात ओढाताण होते हे मी जाणतो. मांजरीला मात्र माळ घालता येत नाही. तिचे शरीर मांसावरच चालते. नुसत्या दूधभाकरीवर ठेवलेल्या मांजरीची नजर आणि काळीज दोन्ही खराब होतात. आजवर ती उंदरांवर निभावून नेत होती, आता तिला उंदीर धरवत नाही, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. अशा घरी निदान अंड्याचा पांढरा भाग पडवीत वेगळ्या भांड्यात उकडून द्यावा, किंवा शेजारच्या घरी तिची सोय लावावी. पुष्कळ गावांत मांजरी तशाही तीन घरच्या असतातच.

पथ्य पाळायचे, पण उपास घडवायचा नाही. पथ्याचे अन्न ती शिवत नसेल, तर जे खाईल ते द्यावे. दोन-तीन दिवस मांजरीच्या पोटात काही गेले नाही तर यकृतही बिघडते आणि एका दुखण्याची दोन होतात. नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळून दोन-तीन आठवड्यांत बदल करावा. औषधाची गोळी बळेच ज्या अन्नात कालवली ते अन्न मांजर पुढे कायमचे सोडते, एवढेही ध्यानात असू द्यावे. गोळी वेगळ्या घासातून द्यावी.

आता सलाईनविषयी. हे वाचून काही घरांत हसतील. पण घरी करता येण्यासारखा, आणि मांजरीला सगळ्यात जास्त आराम देणारा उपाय हाच आहे. पिऊन पाणी पुरत नाही अशी वेळ आली, की डॉक्टर मांजरीच्या कातडीखाली सलाईन द्यायला सांगतात. शिरेत नव्हे, कातडीखाली. शीर शोधावी लागत नाही, म्हणून घरच्या माणसाला ते शिकता येते. पहिल्या दोन-तीन वेळा दवाखान्यात डॉक्टरांच्या देखत करावे आणि हात बसला की मग घरी. किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टर ठरवतात. तीन किलोच्या मांजरीला एका वेळी साधारण शंभर मिलिलिटरच्या आसपास, रोज किंवा दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा, अशी तऱ्हा असते. हृदयाचा त्रास असलेल्या मांजरीला हे सोसत नाही, म्हणून आपल्या मनाने सुरू करू नये.

बाटली लागते ती रिंगर लॅक्टेटची, दवाखान्यात जिला आर. एल. म्हणतात ती. ग्लुकोजची बाटली कातडीखाली कधीही देऊ नये, तेथे गळू होते. बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट करावी. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी, बाळाचे दूध पाहतो तशी. थंड सलाईन गेले तर मांजर शहारते आणि दुसऱ्या वेळी बाटली दिसताच माळ्यावर पळते. माजघराच्या तुळईला जो आकडा असतो त्याला बाटली टांगावी. उंची मिळाली की धार आपोआप येते. नळीतली हवा आधी थेंब सोडून काढून टाकावी. एकाने मांजर मांडीवर घोंगडीवर बसवावी, तोंड पलीकडे करून. दुसऱ्याने दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर उचलावी, म्हणजे तिचा तंबूसारखा आकार होतो. त्या तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर, सुई आत घालावी. सुई पलीकडून बाहेर आली तर केस ओले होतात, लगेच कळते. काढून पुन्हा घालावी. मग नळीवरचे चाक उघडावे. पाच-दहा मिनिटांत शंभर मिलिलिटर जाते. बाटलीवर खुणा असतातच, शिवाय पेनाने एक रेघ मारून ठेवावी.

पाठीवर लिंबाएवढा, कधी मोसंबीएवढा फुगवटा येतो. हळूहळू तो खाली ओघळून खांद्याकडे किंवा पुढच्या पायाकडे उतरतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. घाबरू नये, काही तासांत ते अंगात जिरते. दुसऱ्या दिवशीही तसाच फुगवटा असेल, किंवा मांजर धापा टाकू लागली, तर पुढचे सलाईन थांबवून डॉक्टरांना विचारावे. दर वेळी सुई नवी हवी. बोथट सुई दुखते आणि घाण आत नेते. उघडलेली बाटली झाकून थंड जागी ठेवावी, आठवड्याच्या आत संपवावी, आणि आत जरा जरी गढूळपणा दिसला तरी फेकून द्यावी. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नयेत. उकिरडा पुढे शेतात जातो आणि आपण अनवाणी असतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्याव्यात.

सलाईननंतर काही तासांत मांजर उठते, अंग चाटते, थाळीकडे जाते. ज्यांनी हे पाहिले आहे ते पुढे हसत नाहीत. घरातली दहा-बारा वर्षांची मुले या कामात मोठ्यांपेक्षा शांत हाताची निघतात. मांजर धरण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे.

औषधांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. म्हातारी मांजर लंगडते, कण्हते, म्हणून फळीवरची तापाची गोळी फोडून देण्याची खोड आपल्याकडे आहे. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरेशी आहे. गुरांसाठी आणलेली सूज-दुखण्याची इंजेक्शने तर तिच्या जवळपासही नकोत. या औषधांचा मूत्रपिंडाशी काय संबंध, हे आपल्या देशाला गिधाडांनी शिकवले आहे. एकेकाळी गावाबाहेर मेलेले गुरू टाकले की तासाभरात आभाळ गिधाडांनी भरायचे. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णवांहून अधिक गेली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मढ्याच्या मांसातून पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती, हे २००४ साली उघड झाले. २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दोन औषधेही जनावरांसाठी बंद झाली. गिधाडाला बाधत नाही असे मेलोक्सिकॅम हल्ली गुरांना देतात. पण दुखऱ्या मूत्रपिंडाच्या मांजरीला तेही डॉक्टरांनी मोजून दिल्याखेरीज देऊ नये.

ट्रॅक्टर असलेल्या घरांना आणखी एक सांगणे. रेडिएटरमधले कूलंट बहुधा इथिलिन ग्लायकॉलचे असते. चवीला गोड. शेडमध्ये सांडलेले चमचाभर मांजरीच्या पोटात गेले तरी एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. सांडले तर माती टाकून भरून घ्यावे आणि जागा धुऊन टाकावी. उंदरांच्या विषाचेही तसेच. घरात म्हातारी मांजर असताना विष पेरू नये, कारण विष खाऊन सुस्तावलेला उंदीर हा एकच उंदीर आता तिला धरता येतो.

पुढच्या काळात डॉक्टर काही औषधे जोडतील. फॉस्फरस धरून ठेवणारी पूड अन्नात मिसळायला देतील, मळमळ थांबवणारी गोळी देतील. मांजरीची मान खाली लोंबू लागली तर पोटॅशियम कमी पडले आहे असे समजून त्यांना सांगावे. एखाद्या सकाळी ती भिंतीला धडकू लागली, उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या, तर रक्तदाब चढून डोळ्याचा पडदा सुटला असण्याचा संभव आहे. त्याच दिवशी दाखवले तर कधी कधी नजर थोडी परत येते. दाब उतरवण्याची गोळी माणसांचीच असते, पण मात्रा इतकी बारीक, की ती स्वतःच्या अंदाजाने तोडायची नाही.

आता एक गोष्ट घरातल्या माणसांच्या जिवाची आहे. मूत्रपिंडाचा हा आजार मांजरीकडून माणसाला होत नाही, दुसऱ्या मांजरीलाही होत नाही. पण तोंडात फोड आले की मांजर लाळ गाळते, आणि लाळ पिसाळलेली मांजरही गाळते. महिनोन्‌महिने पाणी पिऊन, हळूहळू वाळत, शांत बसलेली मांजर लाळ गाळत असेल तर ते बहुधा तोंडाच्या फोडांमुळे. जी मांजर दोन-चार दिवसांत एकाएकी बदलली, अंगावर धावून आली, आवाज बदलला, गिळता येईना, मागचे पाय ओढू लागली, तिला हात लावू नये आणि मुलांना दूर ठेवावे. दोन्हींतला फरक घरी करता येईल अशी खात्री धरू नये. शंका असली तर तोंडात बोट घालून पाहायचे नाही, डॉक्टरांना दुरून दाखवायचे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, तंबाखू काही लावू नये. आणि मांजर औषधपाण्यासाठी रोज हाताळायची असेल, तर तिला रेबीजची लस टोचून घेतलेली असणे बरे. आजारी असताना केव्हा टोचायची ते डॉक्टर सांगतील.

सासूबाईंच्या पोत्याविषयी बोललेच पाहिजे. त्या दुष्ट आहेत असे मी समजत नाही. सोडून येण्याची रीत जुनी आहे, आणि तरणी मांजर नव्या गावात उंदरांवर तग धरूही शकते. पण ही मांजर तासातासाला पाणी शोधणारी आहे. बाजाराच्या गावात तिला ना पाणी सापडेल, ना कुत्र्यांपुढे पळवेल. मांजर मारण्याचे पाप नको म्हणून आपण पोत्याची वाट धरतो, आणि मारण्याचे काम तेवढे बाजारातल्या कुत्र्यांवर सोपवतो. बारा वर्षे जिने बी-बियाण्याची पोती राखली, तिचा हिशेब असा मिटवणे मला पटत नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवावे. पण आधी घमेले ठेवून चार दिवस घर कोरडे ठेवून दाखवावे, म्हणजे ऐकतील.

मांजर मरायला घराबाहेर जाते, अशी एक समजूत आहे. दुखणाईत जनावर आडोशाला लपते एवढेच त्यातले खरे. ती दिसेनाशी झाली तर कडब्याच्या गंजीत, वळचणीला, लाकडांच्या ढिगामागे शोधावी. पुष्कळदा ती तेथे नुसती तहानेने व्याकूळ होऊन पडलेली असते आणि एका सलाईनवर परत उठते.

एक दिवस मात्र उठत नाही. सलाईन देऊनही खात नाही, उलट्या थांबत नाहीत, अंग गार लागते, अंगाला झटके येतात, हाक मारली तरी कान हलत नाही. कॅलेंडरवर आठवड्याचे बरे दिवस आणि वाईट दिवस वेगवेगळ्या खुणांनी मांडत गेलात तर ही वेळ आधी कळते. वाईट दिवस जास्त झाले, की डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. झोपेच्या औषधाची जास्त मात्रा देऊन ते तिला वेदनेवाचून सोडवतात. यात पाप आहे की पुण्य, हे ज्याने त्याने ठरवावे. चार दिवस तडफडताना पाहत बसण्यापेक्षा मला ते बरे वाटते. घरातल्या मुलांना आधी सांगावे, नुसते "मनी कुठे तरी गेली" म्हणू नये. ती आठवडाभर गंजीत शोधत बसतात.

असे औषध दिलेली मांजर उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. औषधाचा अंश देहात राहतो आणि तो खाणारे कुत्रे, कोल्हे, पाखरू कोणीही मरू शकते. विहिरीपासून दूर, परसात किंवा बांधाकडेला कमरेइतका खोल खड्डा घ्यावा, मूठभर चुना टाकून माती लोटावी आणि वर दोन जड दगड ठेवावेत.